जावयाच्या सीपीयूत जागा नाही

माझ्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस एकच प्रश्न विचारतो. "मिस्त्री कुठी आहे?"

मी सांगते, मीच. मग तो दुकानभर नजर फिरवतो, टेबलामागे एखादा पुरुष बसवून ठेवला असेल या आशेनं थोडा वाकूनही पाहतो आणि शेवटी स्टुलावर टेकतो. "काई नाई ताई, मी थांबतो. येऊ द्या त्याले." असे कित्येक जण थांबले. त्यांच्यासमोर मी कॉम्प्युटर खोलला, दुरुस्त केला, झाकण लावून हातात दिला. एकानं तर जाता जाता बजावलं, "मिस्त्रीले सांगजा, पोरगी हुशार ठेवली म्हनून." सांगते म्हटलं. मिस्त्रीला अजून ऐकायला वेळ मिळालेला नाही.

दुकान चंद्रपूरजवळच्या मूल गावात आहे, राइस मिलच्या रस्त्यावर. धानाच्या हंगामात इथल्या हवेत जेवढा कोंडा असतो तेवढाच कॉम्प्युटरच्या पोटातही असतो. पण लोक माझ्याकडे कोंडा काढायला येत नाहीत. लोक येतात ते जागा मागायला. "ताई, जागा नाई म्हणून राह्यला हा." जणू मी तलाठी आहे.

कॉम्प्युटरच्या डब्याला आपल्याकडे सगळे सीपीयू म्हणतात. मीही म्हणते, कारण बरोबर शब्द वापरला की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. तर या सीपीयूत हार्ड डिस्क बसवायला खण असतात. जुन्या, उभ्या, लोखंडी कपाटासारख्या सीपीयूंना असे बरेच खण असायचे. एक डिस्क भरली की खालच्या खणात दुसरी बसवायची, विषय संपला. मग सीपीयू बारीक झाले. बारीक म्हणजे सुंदर, हे जाहिरातवाल्यांनी बायकांच्या बाबतीत आधीच ठरवलेलं होतं, ते यंत्रांनाही लागू केलं. बारीक सीपीयूत खण एकच. तो भरला की पुढची डिस्क बाहेर टेबलावर ठेवायची आणि वायरीनं जोडायची. तिला आमच्याकडे 'बाहेरची डिक्स' म्हणतात. 'बाहेरचं' म्हटलं की आपल्या मनात जो दुसरा अर्थ येतो, तोही पुष्कळदा खरा ठरतो.

बल्लारपूरचे एक निवृत्त काका होते. त्यांनी बाहेरची डिस्क घेतली, घरी जाऊन स्वतःच्या हातानं सगळं तिच्यात भरलं आणि सीपीयू माझ्याकडे आणून म्हणाले, "आता हा पूर्ण साफ कर. माझं सारं डिक्समधी आलं." मी सवयीनं डिस्क लावून पाहिली. काकांनी स्क्रीनवरची चिन्हं तेवढी उचलून डिस्कमध्ये ठेवली होती. म्हणजे घरातलं सामान हलवलं म्हणून दारावरच्या पाट्या काढून आणाव्यात तसं. मी तेव्हा साफ केलं असतं, तर काकांच्या तिन्ही नातवंडांची बारशी पाट्यांपुरतीच उरली असती. राइस मिलच्या एका मुनीमजींनी दसऱ्याला सगळ्या यंत्रांबरोबर डिस्कचीही पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, वर गंगाजल. पूजा मनापासून केली होती, कारण कुंकू पार आतपर्यंत गेलं होतं. डिस्क सौभाग्यवती राहिली, चालली मात्र नाही.

पण ज्यांच्यामुळे मी हा लेख लिहायला बसले ते नामदेवभाऊ. मूलमध्ये लग्नाची शूटिंग म्हटली की नामदेवभाऊ. आणि झाडीपट्टीतल्या नाटकांची शूटिंगही तेच करायचे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या या जंगलाकडच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावकरी तिथे जाऊन नाटक ठरवतात. होळीपर्यंत कंपनी दम खात नाही. पुण्या-मुंबईकडे मराठी रंगभूमी वाचवायला परिसंवाद भरतात म्हणे. आमच्याकडे नाटकाला बसायला तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, मिळाली नाही म्हणून भांडणं होतात.

नामदेवभाऊ एक दिवस चपटा, काळा, चकचकीत सीपीयू कापडात गुंडाळून घेऊन आले.

"ताई, याच्यात जागा नाई म्हणते."

मी खोलला. एक खण, एक डिस्क, ती गळ्यापर्यंत भरलेली. म्हटलं, "भाऊ, तुमच्या कामाला हा सीपीयू नाही चालायचा. मोठा उभा घ्या. त्यात चार डिस्क बसतील."

भाऊ दुकानाच्या दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "जावयानं देला जी."

आता रीत अशी की सासऱ्यानं जावयाला द्यायचं आणि जावयानं त्यात खोट काढायची. इथे जावयानं पहिल्या दिवाळीला सासऱ्याला दिलं होतं. त्यामुळे तो सीपीयू राहिला नव्हता, घरातला देव झाला होता. जावई नागपूरला टाइल्सच्या दुकानात कामाला होता. सणावारी आला की खोलीत डोकावून विचारायचा, "मामाजी, कॉम्प्युटर चांगला चालून राह्यला नं?" आणि भाऊ म्हणायचे, "एक नंबर."

"मी दुसरा आनला तं त्याले काय वाटन? पोरीले तिथी राहाचं आहे," भाऊ म्हणाले.

मी आतली डिस्क काढून तिच्या जागी मोठी बसवून दिली. ती एका लग्नसराईत भरली. मग मी सुचवलं की सीडी घालायचा जो कप्पा आहे तो काढू, तिथे दुसरी डिस्क बसेल. भाऊंना ते पसंत पडलं नाही. लोक अजून लग्नाची सीडी मागतात म्हणाले. पाहायला घरात मशीन नसलं तरी मागतात, कपाटात ठेवायला बरी दिसते. राहता राहिली बाहेरची डिस्क. ती दिली. मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी.

एके दिवशी त्यांच्या घरी गेले तर टेबलावरचा देखावा पाहण्यासारखा होता. मधोमध जावयाचा सीपीयू उभा, झेंडूचा हार घातलेला. त्याच्या पुढच्या बाजूनं चार वायरी निघालेल्या आणि चार डिस्का टेबलाच्या कडेला लोंबत असलेल्या, डुकरिणीला लुचणाऱ्या पिलांसारख्या. शेजारी कूलर, त्याच्या पाण्याचे तुषार थेट डिस्कांवर.

"गरम होते नं जी डिक्स," भाऊंनी सांगितलं. "म्हनून थंडाव्यात ठेवली."

त्यांची तक्रार अशी होती की चालता चालता डिस्क गायब होते. होणारच. बाहेरच्या छोट्या डिस्का वायरीतूनच वीज घेतात आणि सीपीयूच्या पुढच्या भोकांतून ती जेमतेम मिळते. एका डिस्कला पुरेल एवढ्यात चौघी जेवायला बसवल्या, की एखादी उपाशी उठून जाते. मी त्यांना स्वतःचा अडॅप्टर असलेला हब आणून दिला. हब म्हणजे एका वायरीच्या चार करणारी पट्टी, पण भिंतीवरून वेगळी वीज घेणारी. पुढच्या खेपेला पाहिलं तर हब होता, अडॅप्टर नव्हता. त्याच्या प्लगच्या जागी वहिनींचा मिक्सर लागला होता. "तशीबी चालून राह्यली होती," भाऊ म्हणाले. चालत नव्हती म्हणून तर मला बोलावलं होतं.

हे सगळं एक वेळ परवडलं. माझा जीव ज्यानं खाल्ला ती गोष्ट वेगळीच. मी दर वेळी सांगायची, "भाऊ, जे महत्त्वाचं ते दोन ठिकाणी ठेवा. डिस्क कधीतरी जातेच."

"ठेवतो नं. बॅकअप घेतला साऱ्याचा."

"कसा घेतला?"

"इथून काटला, बाहेरच्या डिक्समधी टाकला."

जागा वाढवणं वेगळं आणि जपणं वेगळं, हे मी मराठीत, हिंदीत आणि एकदा तर टेबलावर दोन वाट्या मांडूनही सांगितलं. या वाटीतले दाणे त्या वाटीत ओतले तर दाणे दुप्पट होतात का? भाऊंनी दाणे खाल्ले आणि म्हणाले, "समजलं." त्यानंतरही ते काटतच राहिले.

एका वर्षी घट बसायच्या आधी वहिनींनी घर आवरायला काढलं. टेबलावरचं कापड धुवायचं म्हणून त्यांनी ते एका झटक्यात ओढलं. वहिनींचं बरोबरच होतं, कापड मळलंच होतं. जावयाचा सीपीयू पलंगावर पडला, देवाला काही झालं नाही. चौथी डिस्क मात्र चालू होती आणि ती फरशीवर पडली.

हार्ड डिस्क चालू असते तेव्हा आत एक तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावरून सुईसारखा एक दांडा, तबकडीला न टेकता, इकडून तिकडे जात असतो. अशा वेळी डिस्क पडली की सुई तबकडीवर आपटते. मग आतून आवाज यायला लागतो, टिक, टिक, टिक. तो आवाज आला की डिस्क बंद करून ठेवायची. चालू ठेवाल तेवढी सुई तबकडी खरवडत जाते.

भाऊंनी ती रोज थोडी थोडी लावून पाहिली. मग मोबाइलवर कोणीतरी सांगितलं म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. मग उन्हात वाळवली. एवढं करूनही ती बरी होईना तेव्हा माझ्याकडे आले. एकटे नव्हते. बरोबर वडशाचे दिवाकरभाऊ होते, एका नाटक कंपनीचे मालक. रुबाबदार माणूस, खांद्यावर उपरणं, बोटांत अंगठ्या. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "मिस्त्री कुठी आहे?"

मग ते स्टुलावर बसले आणि गोष्ट कळली. दिवाकरभाऊंच्या कंपनीचं एक जुनं नाटक होतं. त्यात कुसुमबाई नायिका असायच्या. नवऱ्यानं टाकलेली बाई पूर आलेल्या नदीकाठी उभी राहून गाते, "उतार दे गं वैनगंगे, पल्याड माझं घर." मी ते लहानपणी पाहिलं आहे. माझ्या आईसकट शेकडो बाया पदर तोंडाला लावून रडल्या होत्या आणि घरी येऊन त्यांनी आपापल्या नवऱ्यांना जेवायला वाढलं होतं. दोन वर्षांपूर्वी कुसुमबाईंना लकवा मारला आणि नाटक थांबलं. मागच्या हंगामात कंपनी बुडता बुडता राहिली. म्हणून या दिवाळीनंतर तेच नाटक पुन्हा काढायचं ठरलं होतं, पायल नावाच्या नव्या मुलीला घेऊन. मंडईच्या तारखा त्या नाटकावर घेऊन झाल्या होत्या.

"आमच्या कंपनीत जेवढे लोक आहेत, सारे याच नाटकावर बसले आहेत," दिवाकरभाऊ म्हणाले. "हे नाई झालं तं कंपनीले कुलूप."

"मग अडलं कुठे?"

"लिहिलेलं होतं ते वाळवीनं खाल्लं. लिहिणारा वारला. संवाद आमी जुन्या नटांनी बसून जुळवले. पन कुसुमबाईची गानी कोनाच्याच पाठ नाई. चाल आठवते तं बोल नाई, बोल आठवते तं चाल नाई. नामदेवभाऊनं एकदा पुरं नाटक शूट केलं होतं. ते याच्यात आहे."

नामदेवभाऊंनी गार पडलेली डिस्क टेबलावर ठेवली. मी विचारलं, "दुसरी कॉपी?"

त्यांनी दुकानाच्या छताकडे पाहिलं. दाणे त्यांनाही आठवले असावेत.

मी डिस्क एकदाच लावली, आवाज ऐकला आणि वायर काढली. म्हटलं, "माझ्याच्यानं होणार नाही. हिला पुण्याला पाठवावं लागेल. तिथे धूळ नसलेल्या खोलीत उघडतात, सुई बदलतात. तरी किती निघेल सांगता येत नाही."

"तुमीच खोला नं ताई," दिवाकरभाऊ म्हणाले. "चार तं स्क्रू आहेत."

"पोटालाही चार टाके असतात. म्हणून कोणी घरी उघडत नाही."

या धंद्यात 'नाही जमत' म्हणणं सर्वात अवघड आहे. बाईनं म्हटलं तर समोरच्याचा चेहरा लगेच 'मला माहीतच होतं' असा होतो. दिवाकरभाऊंचाही झाला. मी डिस्क त्यांच्या हातात दिली नाही, कपाटात ठेवली. ते चंद्रपूरला जाऊन कोणाकडून तरी ते चार स्क्रू काढून घेतील याची मला खात्री होती.

पुण्याला कोण नेणार, हा प्रश्न निघाला. कुरिअरवर कोणाचा भरवसा नव्हता. अशात नामदेवभाऊंचा जावई नवरात्रासाठी आला आणि म्हणाला, मला दुकानाच्या कामानं पुण्याला जायचंच आहे, मी नेतो. डिस्क घ्यायला तो एकटाच माझ्या दुकानात आला. सरळ, लाजरा माणूस. मी फोमच्या डबीत डिस्क बांधून दिली तरी तो उठेना.

"ताई, एक विचारू काय? तो मामाजीचा सीपीयू... बदलता येत नाई काय?"

मी म्हटलं, "मी तर पहिल्या दिवसापासून सांगतेय."

"मीबी तेच म्हणून राह्यलो. टाइल्सच्या कंपनीची स्कीम होती, त्याच्यात मले फुकट लागला होता तो. माझ्या काई कामाचा नव्हता, तं मामाजीले देला. आता जाव तेव्हा त्याले हार घालून ठेवलेला. चार डिक्सा लटकलेल्या. मले इतकी शरम वाटते. पन मी म्हणलं, त्यायचा जीव आहे त्याच्यावर, तं कसं बोलू?"

सासरा आणि जावई इतकी वर्षं एकमेकांच्या मानासाठी एक भिकार खोका सांभाळत होते आणि त्यापायी चार डिस्का, एक हब आणि वैनगंगेचं गाणं वेठीला धरलं होतं. खानदानी घरांचं असंच असतं. तो पुण्याला गेला त्याच दिवशी मी नामदेवभाऊंना जाऊन सांगितलं. त्यांनी सीपीयूवरचा हार काढून बाजूला ठेवला आणि वहिनींना चहा मांडायला सांगितला.

जावयानं डिस्क पोटाशी धरून नेली आणि पुण्याहून जे निघालं ते दुसऱ्या नव्या डिस्कवर घेऊन आला. आम्ही सगळे नामदेवभाऊंच्या घरी जमलो. दिवाकरभाऊ वडशाहून आले होते. मी माझा लॅपटॉप नेला होता.

लग्नं जवळजवळ सगळी निघाली. हळदी, वराती, डीजेपुढचे नाच, पंगतीत जिलबी वाढताना कॅमेऱ्याकडे पाहणारे मामा, सगळं स्वच्छ. त्यातल्या एका जोडप्याची कोर्टातून सोडचिठ्ठी होऊन गेली होती. त्यांची वरात एकही ठिपका न पडता सुखरूप आली.

नाटकाची फाइल उघडली. पहिला अंक बरा चालला. मग चित्र गोठायला लागलं. कुसुमबाई नदीकाठी येतात, ऑर्गन वाजतो, "उतार दे गं वैनगंगे" एवढं ऐकू येतं आणि पुढे नुसती खरखर. मग एकदम शेवटच्या टाळ्या. दुसरं गाणं मधूनच सुरू होत होतं, तिसऱ्याचं नावच नव्हतं. आम्ही ते पुन्हा पुन्हा लावलं. दर वेळी ती बाई नदीपर्यंत यायची आणि खरखरीत बुडायची.

दिवाकरभाऊंनी उपरण्यानं तोंड पुसलं. "झालं," म्हणाले. "तारखा वापस करा लागते."

नामदेवभाऊ भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "मंग कुसुमबाईले काऊन नाई इचारत?"

"तिची वाचा गेली नं," दिवाकरभाऊ म्हणाले.

"कोन म्हणते? बाजाराच्या मांगंच तं राहते, भावाकडे. मी परवाच भेटली. हरू हरू बोलते, पन बोलते. मी वांग्याची भाजी नेली होती तं म्हणे, मीठ जास्त झालं."

पुण्याला डिस्क गेली, धूळ नसलेली खोली झाली, नवी सुई बसवली. आणि ते गाणं जिच्या गळ्यातलं होतं ती बाई दोन गल्ल्या पलीकडे वांग्याच्या भाजीला नावं ठेवत बसली होती. हे कोणालाच सुचलं नव्हतं. मीही त्यात आलेच. मी डिस्कांची डॉक्टर, माणसं माझ्या खात्यात येत नाहीत.

आम्ही निघालो तर दिवाकरभाऊ उठेनात.

"चला," मी म्हटलं.

"तुमी जा. मी नाई येत." मग खाली पाहत म्हणाले, "ती पडली तेव्हापासून मी गेलोच नाई तिच्याकडे. आता जाऊन काय सांगू? तुझं काम दुसरीले देलं, तिले शिकव? कोन्या तोंडानं?"

नामदेवभाऊंनी त्यांच्या दंडाला धरून उठवलं. "त्याच तोंडानं," म्हणाले. "दुसरं कुठून आनसीन?"

कुसुमबाई ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड किंचित वाकडं, पण वेणी घट्ट आणि कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी दिवाकरभाऊंना पाहिलं आणि पाहतच राहिल्या. दिवाकरभाऊ पुढे झाले, पाया पडले आणि तसेच खाटेजवळ जमिनीवर बसले. इतक्या अंगठ्यांचा माणूस शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"बाई, चुकलं," एवढंच म्हणाले.

कुसुमबाईंनी एकेक शब्द उचलून आणल्यासारखा बाहेर ठेवला. "दोन... साल. रस्ता... भुलला... होता... का?"

दिवाकरभाऊंनी मान हलवली. मग सगळं सांगितलं. नाटक, तारखा, वाळवी, डिस्क. पायलचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं. कुसुमबाईंच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

काहीतरी करायचं म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "बाई, थोडं निघालं आहे. ऐका तर." दुसऱ्या गाण्याचा तुकडा लावला. ओसरीवर त्यांचाच जुना, भरलेला आवाज घुमला. घरातल्या बाया दाराशी आल्या. मला वाटलं आता बाई रडतील. माझी स्वतःची तयारी झाली होती.

कुसुमबाईंनी थोडा वेळ ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि डावा हात वर केला.

"बंद... कर."

मी बंद केलं.

"सर्दी... होती... त्या दिवशी. बेसूर." मग नामदेवभाऊंकडे वळून म्हणाल्या, "हेच... ठेवलं... का... जपून?"

कुसुमबाईंनी दिवाकरभाऊंना विचारलं, "पोट्टीचा... आवाज?"

"चांगला आहे बाई. तुमच्यासारखा नाई."

"खोटं... नोको. आन... तिले."

पायल दुसऱ्याच दिवशी वडशाहून आली. मीही गेले होते, कारण कोणी बोलावलं नव्हतं तरी राहवेना. मुलगी धीट होती, पण बाईंच्या समोर बसल्यावर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. कुसुमबाई बोलताना अडखळत होत्या, पण गायला लागल्या तेव्हा शब्द सुरात बसून आपोआप बाहेर येत होते. आवाज बारीक झाला होता, वरचा सूर जात नव्हता, तिथे त्या डाव्या हातानं हवेत उंची दाखवत. पण एकही शब्द गळला नव्हता. "उतार दे गं वैनगंगे, पल्याड माझं घर." दिवाकरभाऊ अंगणात तोंड फिरवून उभे राहिले.

पायलनं घाईघाईनं मोबाइल काढला, रेकॉर्ड करायला खाटेच्या कडेला ठेवला. तो टुंग करून वाजला. तिनं उचलून पाहिला, काहीतरी पुसायला लागली, पुन्हा ठेवला, पुन्हा वाजला. कुसुमबाई थांबल्या.

"काय... म्हणते... तो?"

"बाई, जागा नाई म्हणून राह्यला," पायल रडवेली होऊन म्हणाली.

मी पडले दुकानदार. माझा हात आपोआप पिशवीत गेला. आत एक नवी, कोरी डिस्क होती, वायरीसकट.

"मंग... ठेव... बाजूले," कुसुमबाई म्हणाल्या. "पाठ कर."

पायलनं मोबाइल पालथा ठेवला आणि पहिली ओळ म्हटली. बाईंनी मान हलवली. तिनं पुन्हा म्हटली. बाईंनी पुन्हा मान हलवली आणि डाव्या हातानं सूर थोडा वर उचलून दाखवला. मी पिशवीची चेन लावली आणि ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत राहिले.